६१७४ (संख्या)

६१७४ (सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर) ही ६१७३ नंतर व ६१७५ पूर्वी येणारी नैसर्गिक संख्या आहे. अंकगणितात ती 'कापरेकर स्थिरांक' या नावाने प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील देवळाली येथील शाळाशिक्षक व गणितप्रेमी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या संख्येचा एक विलक्षण गुणधर्म शोधून काढला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. आलेल्या वजाबाकीवर हीच क्रिया पुन्हा पुन्हा केली असता जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. ती एकदा आली की पुढे तीच येत राहते.

हा गुणधर्म समजण्यासाठी प्राथमिक शाळेतील वजाबाकी पुरेशी आहे. तो का खरा आहे हे सिद्ध करण्यासाठी माध्यमिक शाळेतील बीजगणित पुरते. त्यामुळे गणिताचे विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी अभ्यासक या तिघांतही ही संख्या लोकप्रिय झाली आहे.

कापरेकर प्रक्रिया

या गुणधर्मामागील क्रियेला 'कापरेकर प्रक्रिया' असे म्हणतात. तिच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. चार अंकी संख्या घ्यावी. तिच्यातील किमान दोन अंक एकमेकांपासून भिन्न असावेत.
२. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून सर्वांत मोठी संख्या करावी.
३. तेच अंक चढत्या क्रमाने मांडून सर्वांत लहान संख्या करावी.
४. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी.
५. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी.

उदाहरणादाखल कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ६१७४ पर्यंत पोहोचायला पूर्ण सात पायऱ्या लागतात.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

यापुढे ६१७४ चे अंक पुन्हा मांडले तरी ७६४१ − १४६७ = ६१७४ हेच उत्तर येते. ज्या संख्येवर क्रिया केली असता तीच संख्या परत मिळते, तिला त्या क्रियेचा 'स्थिर बिंदू' म्हणतात. ६१७४ हा कापरेकर प्रक्रियेचा चार अंकांमधील एकमेव शून्येतर स्थिर बिंदू आहे.

शून्याविषयीचा नियम

क्रिया करताना संख्या नेहमी चार अंकीच मानावी लागते. उत्तर तीन अंकी आल्यास डावीकडे शून्य लिहून चार अंक पूर्ण करावेत. हा नियम पाळला नाही तर प्रक्रिया फसते. उदाहरणार्थ, १००० घेतल्यास १००० − ०००१ = ९९९ असे उत्तर येते. ते ९९९ असेच ठेवले तर पुढची वजाबाकी शून्य होते आणि क्रिया तेथेच संपते. तेच उत्तर ०९९९ असे लिहिल्यास क्रम पुढीलप्रमाणे चालतो.

९९९० − ०९९९ = ८९९१
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

११११, २२२२, ३३३३ अशा चारही अंक समान असलेल्या संख्यांत मोठी व लहान मांडणी एकच असते. त्यामुळे पहिल्याच वजाबाकीत शून्य येते. म्हणून ०००० सह अशा दहा संख्या नियमातून वगळल्या जातात. ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या दहा हजारांपैकी उरलेल्या ९,९९० संख्यांना हा नियम निरपवाद लागू पडतो.

प्रक्रियेमागील बीजगणित

चार अंकांना उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड अशी नावे द्यावीत. म्हणजे अ हा सर्वांत मोठा व ड हा सर्वांत लहान अंक होय. स्थानिक किमतीनुसार मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड आणि लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ होईल. त्यांची वजाबाकी अशी येते:

९९९(अ − ड) + ९०(ब − क)

या सूत्रातून तीन महत्त्वाच्या गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट अशी की, वजाबाकीला नेहमी ९ ने नि:शेष भाग जातो, कारण ९९९ आणि ९० या दोन्ही संख्या ९ च्या पटीत आहेत.

दुसरी गोष्ट अशी की, उत्तर चारही अंकांवर स्वतंत्रपणे अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. अ − ड या फरकाला 'य' आणि ब − क या फरकाला 'र' म्हटले, तर य ची किंमत १ ते ९ पर्यंत व र ची किंमत ० पासून य पर्यंत असू शकते. अशा जोड्या २ + ३ + ४ + … + १० = ५४ होतात. म्हणजे ९,९९० संख्यांपैकी कोणतीही घेतली, तरी पहिल्या वजाबाकीनंतर केवळ ५४ उत्तरे संभवतात. संख्यांचा एवढा मोठा समुदाय पहिल्याच पायरीवर आकुंचन पावतो, हे या गुणधर्माचे खरे मर्म होय.

तिसरी गोष्ट उत्तराच्या अंकांविषयी आहे. र ही किंमत १ किंवा अधिक असल्यास उत्तराचे अंक डावीकडून अनुक्रमे य, र − १, ९ − र आणि १० − य असे येतात. यांची बेरीज नेहमी १८ असते. र शून्य असल्यास अंक य − १, ९, ९ आणि १० − य असे येतात आणि त्यांची बेरीज २७ होते. पुढच्या पायरीत अंकांची फेरमांडणी होणारच असल्याने त्यांचा क्रम महत्त्वाचा नसतो. क्रम सोडून केवळ अंकसमूह पाहिले, तर ५४ उत्तरांचे ३० गट उरतात. पहिल्या प्रकारचे २५ आणि दुसऱ्या प्रकारचे ५.

स्थिर बिंदू एकच का?

स्थिर बिंदूसाठी उत्तराच्या अंकांनी दोन अटी पाळल्या पाहिजेत. त्या अंकांतील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक य असावा आणि मधल्या दोन अंकांतील फरक र असावा.

र = ० असेल तर मधले दोन अंक समान हवेत. परंतु उत्तरात दोन ९ आधीच आहेत, म्हणून तिसरा अंकही ९ असावा लागेल. हे केवळ य = १ असताना घडते. तेव्हा अंक ९, ९, ९, ० असून मोठ्या व लहान अंकांतील फरक १ नसून ९ येतो. म्हणून र = ० ही शक्यता बाद होते.

र शून्य नसताना र − १ हा अंक य पेक्षा लहानच असतो, म्हणून सर्वांत मोठा अंक य, १० − य किंवा ९ − र यांपैकी एक असला पाहिजे. या तीन शक्यता क्रमाने तपासल्या असता पहिली अट पाळणाऱ्या (य, र) च्या पुढील पाचच जोड्या मिळतात.

(४, ३): अंक ६, ६, ४, २, मधला फरक २, हवा ३
(८, १): अंक ८, ८, २, ०, मधला फरक ६, हवा १
(९, १): अंक ९, ८, १, ०, मधला फरक ७, हवा १
(९, ९): अंक ९, ८, १, ०, मधला फरक ७, हवा ९
(६, २): अंक ७, ६, ४, १, मधला फरक २, हवा २

दुसरी अट केवळ शेवटची जोडी पाळते. तिच्यासाठी वजाबाकी ९९९ × ६ + ९० × २ = ५९९४ + १८० = ६१७४ अशी येते. ६१७४ हाच एकमेव स्थिर बिंदू असल्याची ही पूर्ण सिद्धता आहे.

सर्व संख्या तेथेच का पोहोचतात?

स्थिर बिंदू एकच आहे एवढ्याने सर्व संख्या त्याच्याकडे जातात असे सिद्ध होत नाही. एखादा समूह आपापसांत गोल गोल फिरत राहण्याचीही शक्यता असते. चार अंकांत असे चक्र नाही, हे वर सांगितलेल्या ३० गटांची तपासणी करून दाखवता येते. खाली प्रत्येक गट त्याच्या उतरत्या मांडणीने दर्शविला आहे. ७६४१ या गटापासून तो किती वजाबाक्या दूर आहे, त्यानुसार त्याचा थर ठरतो.

मूळ गट: ७६४१
पहिला थर: ८५३२, ६६४२, ७५३३
दुसरा थर: ८७३०, ८८२०, ९७११, ९६२१, ९९६३
तिसरा थर: ६५५२, ७४४३, ६५४३, ९९८१, ९८१०
चौथा थर: ८७२१, ७६३२, ७७३१, ८६२२, ९९९०, ५५५३, ६४४४, ५५४४
पाचवा थर: ८६४०, ९५३१, ९९७२, ९९५४
सहावा थर: ८५५०, ९४४१, ७५५१, ८४४२

प्रत्येक थरातील कोणताही गट एका वजाबाकीने आधीच्या थरात जातो. जसे, ८४४२ − २४४८ = ५९९४, म्हणजे ९९५४ हा गट. ९९५४ − ४५९९ = ५३५५, म्हणजे ५५५३ हा गट. वहीच्या एका पानावर या तीस वजाबाक्या मांडून वाचकाला हा नियम स्वतः पडताळता येतो. दहा हजार संख्या तपासण्याची किंवा संगणकाची त्यासाठी गरज नाही.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. ६६४२ व ७५३३ या गटांतून प्रथम ४१७६ ही संख्या येते. तिचे अंक ६१७४ चेच असले तरी ती ६१७४ नव्हे, म्हणून त्या वाटेने आणखी एक वजाबाकी करावी लागते. १९०५ च्या उदाहरणात असेच घडले आहे.

पायऱ्यांची संख्या

९,९९० संख्यांपैकी किती संख्यांना किती पायऱ्या लागतात, याचे वर्गीकरण पुढीलप्रमाणे आहे. यात तीन किंवा कमी अंकांच्या संख्या डावीकडे शून्ये देऊन धरल्या आहेत.

० पायऱ्या: १ (स्वतः ६१७४)
१ पायरी: ३८३
२ पायऱ्या: ५७६
३ पायऱ्या: २,४००
४ पायऱ्या: १,२७२
५ पायऱ्या: १,५१८
६ पायऱ्या: १,६५६
७ पायऱ्या: २,१८४

सर्वाधिक संख्या तीन पायऱ्यांच्या असून त्याखालोखाल सात पायऱ्यांच्या आहेत. एका संख्येला सरासरी सुमारे ४.६७ पायऱ्या लागतात.

वरील आकडे (य, र) जोड्यांवरून हातानेही काढता येतात. उदाहरणार्थ, पहिल्याच वजाबाकीत ६१७४ देणाऱ्या संख्यांत य = ६ व र = २ असलेच पाहिजे. सर्वांत लहान अंक ०, १, २ किंवा ३ असू शकतो. त्या प्रत्येकासाठी मधल्या अंकांच्या पाच जोड्या संभवतात. त्यांपैकी तीन जोड्यांत चारही अंक भिन्न असल्याने प्रत्येकी २४ संख्या होतात. उरलेल्या दोन जोड्यांत एक अंक दोनदा येत असल्याने प्रत्येकी १२ संख्या होतात. एकूण ४ × (७२ + २४) = ३८४. यातून स्वतः ६१७४ वगळली की ३८३ उरतात.

इतर अंकगणितीय गुणधर्म

अवयव: ६१७४ ही सम व संयुक्त संख्या आहे. तिचे मूळ अवयव २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ असे पडतात, म्हणजे ६१७४ = २ × ३² × ७³. या मूळ अवयवांच्या वर्गांची बेरीज ४ + ९ + ९ + ४९ + ४९ + ४९ = १६९, म्हणजे १३ चा पूर्ण वर्ग येते.

विभाजक: ६१७४ ला एकूण २४ विभाजक आहेत. १, २, ३, ६, ७, ९, १४, १८, २१, ४२, ४९, ६३, ९८, १२६, १४७, २९४, ३४३, ४४१, ६८६, ८८२, १०२९, २०५८, ३०८७ आणि ६१७४. त्यांची बेरीज १५,६०० आहे. स्वतः ६१७४ वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज ९,४२६ येते. ती मूळ संख्येपेक्षा अधिक असल्याने ६१७४ ही 'विपुल' संख्या ठरते.

हर्षद संख्या: अंकांची बेरीज ६ + १ + ७ + ४ = १८ होते आणि ६१७४ ÷ १८ = ३४३ असा नि:शेष भाग जातो. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. येथे भागाकार ३४३ हाही ७ चा पूर्ण घन आहे.

घातांची बेरीज: ६१७४ ही १८ च्या पहिल्या तीन घातांची बेरीज आहे. १८³ + १८² + १८ = ५८३२ + ३२४ + १८ = ६१७४. म्हणजे १८ हा तिच्या अंकांची बेरीजही आहे आणि या घातांचा पायाही आहे.

ऑयलरचे फलन: ६१७४ पेक्षा लहान व तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या १,७६४ आहेत. ही संख्या ४२ चा वर्ग आहे. शिवाय १७६४ मध्ये ६१७४ चेच चार अंक वेगळ्या क्रमाने आले आहेत.

वर्गांशी संबंध: ६१७४ चा वर्ग ३,८१,१८,२७६ आहे. ६१७४ ही दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येत नाही, कारण तिच्या अवयवांत ७ चा घात विषम आहे. ४ ने भागल्यास बाकी २ उरत असल्याने ती दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपातही लिहिता येत नाही.

इतर पद्धतींतील लेखन: द्विमान पद्धतीत ही संख्या ११००००००११११० अशी, अष्टमान पद्धतीत १४०३६ अशी आणि सात पायाच्या पद्धतीत २४००० अशी लिहिली जाते.

इतर अंकसंख्यांतील स्थिती

हीच प्रक्रिया चारऐवजी अन्य अंकसंख्येच्या संख्यांवर केली असता चित्र बदलते.

दोन अंकी संख्यांत स्थिर बिंदू नाही. तेथे ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे पाच संख्यांचे चक्र मिळते.

तीन अंकी संख्यांत ४९५ हा स्थिरांक आहे, कारण ९५४ − ४५९ = ४९५. सर्व अंक समान नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत तेथे पोहोचते.

पाच अंकी संख्यांत एकही स्थिर बिंदू नाही. तेथे तीन चक्रे आहेत. एका चक्रात ५३९५५ व ५९९९४ या दोन संख्या आहेत. दुसऱ्यात ६१९७४, ८२९६२, ७५९३३ व ६३९५४ या चार आणि तिसऱ्यात ६२९६४, ७१९७३, ८३९५२ व ७४९४३ या चार संख्या आहेत.

सहा अंकी संख्यांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन स्थिर बिंदू आहेत. त्यांशिवाय सात संख्यांचे एक चक्रही आहे. त्यामुळे सर्व संख्या एकाच ठिकाणी जात नाहीत. ६१७४, ६३१७६४ आणि ६३३१७६६४ या संख्यांतील साम्य लक्षणीय आहे. ६१७४ मध्ये ६ नंतर ३ आणि ७ नंतर ६ घातला की सहा अंकी स्थिर बिंदू मिळतो. त्यात तेच अंक पुन्हा एकदा घातले की आठ अंकी स्थिर बिंदू मिळतो.

सर्व अपेक्षित संख्यांना स्वतःकडे ओढून घेणारे स्थिरांक दशमान पद्धतीत ४९५ आणि ६१७४ हे दोनच आहेत, हे १९८१ साली 'फिबोनाची क्वार्टर्ली' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात सिद्ध करण्यात आले.

शोधाचा इतिहास

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाणे येथे आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची विज्ञान शाखेची पदवी घेतली. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षक होते.

६१७४ चा गुणधर्म त्यांना १९४६ च्या सुमारास आढळला. १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. पुढे १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात या संख्येविषयी त्यांचा स्वतंत्र लेख प्रसिद्ध झाला.

त्या काळी देशातील अनेक विद्यापीठीय गणितज्ञांना कापरेकरांचे काम क्षुल्लक वाटे. त्यांचे बरेचसे लेखन लहान पुस्तिकांच्या रूपाने किंवा मर्यादित प्रसाराच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या गणिती सदरात कापरेकरांच्या कामाचा परिचय करून दिला. त्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले. तोवर त्यांना निवृत्त होऊन सुमारे तेरा वर्षे लोटली होती. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

नामसाधर्म्यामुळे होणारा गोंधळ

'कापरेकर स्थिरांक' आणि 'कापरेकर संख्या' या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून त्यांची बेरीज केली असता मूळ संख्या मिळते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. उदाहरणार्थ, ४५² = २०२५ आणि २० + २५ = ४५. तसेच २९७² = ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७. ६१७४ च्या वर्गाचे ३८११ व ८२७६ असे भाग केल्यास त्यांची बेरीज १२,०८७ येते. म्हणून ६१७४ ही कापरेकर स्थिरांक असली तरी कापरेकर संख्या नाही.

कापरेकरांनी 'स्वयंभू संख्या' ही संकल्पनाही मांडली. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. अशा रीतीने जी संख्या कोणत्याही संख्येपासून तयार होऊ शकत नाही, ती स्वयंभू होय. ६१७४ ही स्वयंभू नाही, कारण ६१५६ मध्ये तिच्या अंकांची बेरीज १८ मिळवली असता ६१७४ तयार होते. स्वयंभू संख्यांना 'देवळाली संख्या' असेही म्हणतात. कापरेकरांच्या 'डेम्लो संख्या' या नावाचा उगम डोंबिवली रेल्वे स्थानकाच्या जुन्या नावात आहे.

मूल्यमापन

६१७४ चा गुणधर्म संख्येच्या अंगभूत स्वरूपापेक्षा तिच्या दशमान लेखनाशी अधिक निगडित आहे. लेखनाचा पाया बदलला की स्थिर बिंदूही बदलतो. पाच पायाच्या पद्धतीत ३३२० मधून ०२३३ वजा केल्यास ३०३२ येते, म्हणजे तेथे ३०३२ हा स्थिर बिंदू आहे. याउलट ६१७४ = २ × ३² × ७³ हे विधान कोणत्याही पद्धतीत खरेच राहते. अंकांच्या मांडणीवर आधारलेल्या गुणधर्मांना अनेक गणितज्ञ दुय्यम मानतात ते याच कारणाने. इंग्लिश गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अशाच एका चार अंकी गंमतीचे उदाहरण दिले आहे. आपल्या उलट्या मांडणीच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या ८७१२ आणि ९८०१ या दोनच आहेत, हे ते उदाहरण होय (८७१२ = ४ × २१७८, ९८०१ = ९ × १०८९). अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, परंतु त्यांत गणितज्ञाला आकर्षक वाटावे असे काही नसते, असा हार्डींचा अभिप्राय होता.

हा आक्षेप निराधार नाही, पण पूर्णही नाही. एखादी क्रिया पुन्हा पुन्हा केली असता शेवटी काय होते, हा प्रश्न गणिताच्या अनेक शाखांत मूलभूत आहे. कापरेकर प्रक्रिया हे त्याचे अत्यंत सुबोध उदाहरण होय. संख्यांचा संच सांत असेल तर अशी प्रत्येक क्रिया अखेरीस एखाद्या स्थिर बिंदूवर स्थिरावते किंवा एखाद्या चक्रात अडकते. एवढा भाग अटळ असून त्यात चमत्कार नाही. चार अंकांत चक्र एकही नसावे आणि स्थिर बिंदू एकच असावा, ही मात्र या संख्येची विशेष बाब आहे. पाच व सहा अंकांशी तुलना केली की ती ठळकपणे दिसते.

अध्यापनातील स्थान

वर्गाध्यापनात ६१७४ चा उपयोग अनेक पातळ्यांवर होतो. प्राथमिक इयत्तांत हातच्याच्या वजाबाकीचा सराव कंटाळवाणा न होता करून घेता येतो. उत्तर ठाऊक असल्याने विद्यार्थ्याला स्वतःचे काम तपासता येते. सात पायऱ्यांत ६१७४ आले नाही, तर वाटेत कोठेतरी वजाबाकी चुकली आहे हे निश्चित होते. प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो की नाही हे पाहून बऱ्याचदा चुकीची जागाही सापडते. मात्र चुकलेली वजाबाकीसुद्धा पुढे ६१७४ कडेच जाऊ शकते. म्हणून शेवटचे उत्तर बरोबर येणे हा मधल्या पायऱ्या बरोबर असल्याचा पुरावा मानता येत नाही.

माध्यमिक इयत्तांत स्थानिक किंमत, बैजिक राशी आणि क्रमचय या तिन्ही घटकांची सांगड या एका उदाहरणाने घालता येते. पडताळा आणि सिद्धता यांतील भेदही येथे स्पष्ट करता येतो. शंभर संख्या करून पाहिल्या आणि प्रत्येक वेळी ६१७४ आले, तरी उरलेल्या ९,८९० संख्यांविषयी काहीही सिद्ध होत नाही. वर दिलेल्या तीस गटांच्या तपासणीने मात्र सर्वच संख्यांचा निकाल लागतो.